पॉम्पेच्या ट्रायलसाठी एंझाइम थांबवून ठेवायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ ३१ वर्षांचा, कोपरखैरण्याला असतो, आठ महिन्यांपूर्वी पॉम्पेचं, म्हणजे स्नायू कमजोर करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालं. त्यावर शरीरात कमी पडणारं एंझाइम सलाईनमधून देतात. सरकारी मदतीचा अर्ज हळूहळू पुढे सरकतोय. तेवढ्यात एका नव्या औषधाच्या ट्रायलसाठी विचारणा झाली, आणि तिथली अट आहे की आधी एंझाइम घेतलेलं नसावं. म्हणून घरात चाललंय की अर्ज जरा मागे ठेवू. शिवाय बाबा म्हणतात, 'माझ्या पोराचा उंदीर करायचाय का?'

अर्ज मागे ठेवू नका, एक आठवडासुद्धा नाही. असं ठासून का सांगतेय, तर आम्ही ठेवला होता.

आमच्या ह्यांना जिने चढताना त्रास व्हायला लागला तेव्हा ते ३६ चे होते. रक्तात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरसाठी बघतात ते एंझाइम, वाढलेलं दिसलं, म्हणून दोन वर्षं लिव्हरचे उपचार चालले. पथ्य काय, सोनोग्राफी काय! तसली एंझाइम्स स्नायूंतूनही येतात, त्यामुळे एकदा सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते, बघितलं पाहिजे, हे फार उशिरा एका न्यूरॉलॉजिस्टच्या डोक्यात आलं. मग रक्ताचे थेंब कार्डावर वाळवून करतात ती टेस्ट झाली, जीन टेस्ट झाली, आणि नाव कळलं. त्याच सुमाराला आजवर एंझाइम न घेतलेल्यांसाठी एक ट्रायल येणार असल्याचं कानावर आलं. दुसरीकडे कंपनीच्या धर्मादाय योजनेतून औषध मिळायची शक्यता तयार होत होती. आम्हाला वाटलं, नवं औषध जास्त चांगलं असणार, थांबू या. आज सुरू होईल, पुढच्या महिन्यात सुरू होईल, आता एथिक्स कमिटीकडे, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, अडकलंय, असं करत सात महिने गेले.

त्या सात महिन्यांत ह्यांचं जमिनीवरून उठणं गेलं. गणपतीत आरतीच्या आधी पाटावर बसले आणि उठताना दोन भाच्यांनी काखेत हात घालून उचललं.

अखेर स्क्रीनिंगला, म्हणजे ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या तपासणीला, बोलावलं. पीएफटीच्या, म्हणजे श्वासाची ताकद मोजायच्या टेस्टच्या, खोलीत नाकाला चिमटा लावून तो पुठ्ठ्याचा पाइप तोंडात धरला, आणि टेक्निशियन ओरडतोय, 'फुंका फुंका फुंका, अजून अजून!' तीनदा केलं. अट होती की श्वासाचा आकडा नॉर्मलच्या ८५ टक्क्यांच्या आत हवा. ह्यांचा आला ८७. म्हणजे पाय गेले, पण श्वास त्यांच्या हिशोबात फार चांगला! रात्री तीन उशा रचून झोपणारा माणूस. टेस्ट बसून घेतात, आणि पॉम्पेत डायफ्रॅम, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, कमजोर असेल तर खरी घसरगुंडी आडवं झाल्यावर दिसते. पण नियम तो नियम. कोऑर्डिनेटर बिचारी 'सॉरी काका' म्हणाली. परत येताना टॅक्सीत हे तीन हात नाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता यामागचं कारण. या आजारात जीएए नावाचं एंझाइम कमी पडतं, म्हणून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, पेशींच्या लायसोसोममध्ये, म्हणजे टाकाऊ गोष्टी मोडणाऱ्या कप्प्यांत, साठत जातं आणि स्नायूचे तंतू आतून खराब होतात. बाहेरून दिलेलं एंझाइम, जो तंतू अजून शाबूत आहे त्यातला साठा कमी करू शकतं. ज्याची चरबी झाली तो परत येत नाही. त्यामुळे थांबण्याची किंमत नंतर कितीही भारी औषध आलं तरी वसूल होत नाही.

आणि नवं म्हणजे किती नवं, तेही बघा. पहिलं एंझाइम २००६ मध्ये मंजूर झालं. मोठ्या वयात लक्षणं दिसणाऱ्यांवर त्याचा जो मुख्य अभ्यास झाला, त्यात ९० जण होते आणि तो ७८ आठवडे चालला. सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टमध्ये औषधवाले सरासरी २५ मीटर जास्त चालले, प्लासिबोवाले, म्हणजे ज्यांना औषध नसलेलं नुसतं पाणी दिलं ते, ३ मीटर कमी. फरक २८ मीटरचा, म्हणजे लोकलचा जेमतेम दीड डबा. हसू नका, आमच्याकडे तो दीड डबा म्हणजे बेडपासून बाथरूमपर्यंत कुणाचा हात न धरता जाणं आहे. पुढच्या पिढीचं औषध आलं तेव्हा त्याची तुलना याच जुन्या एंझाइमशी झाली, १०० जणांवर, ४९ आठवडे. नवं औषध श्वासाच्या आकड्यात जुन्याइतकं तरी चांगलं आहे हे सिद्ध झालं. जुन्यापेक्षा सरस आहे हे सिद्ध व्हायला थोडक्यात राहिलं. म्हणजे आज हाताशी येणारं जुनं आणि कधीतरी येणारं नवं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल असं धरून चालू नका.

एंझाइम सुरू केलं की ट्रायलचं दार कायमचं बंद, हीसुद्धा भीतीच आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तिसऱ्या टप्प्याच्या अभ्यासात १२३ जण होते, त्यांतले ९५ आधीपासून एंझाइमवर होते. आधी औषध घेतलेल्यांसाठीही अभ्यास निघतात. ह्यांना पुढे तशाच एकात जागा मिळाली.

मग ट्रायलला जाऊच नका असं म्हणतेय का? नाही. पैशाचं गणित मलाही कळतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, आणि आपल्याकडचं नेमलेलं केंद्र परळचं केईएम. ५० लाख ऐकायला मोठे वाटतात. पण भाऊ ६० किलोचा धरा. जुन्या एंझाइमचा डोस किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे १२०० मिलिग्रॅम. कुपी ५० ची. दर पंधरा दिवसांनी २४ कुप्या, आणि हे जन्मभर. तेव्हा फुकट मिळणाऱ्या औषधाचा मोह होणं यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून दोन्ही चालू ठेवा. अर्जाचा पाठपुरावाही करा, स्क्रीनिंगलाही नाव द्या. स्क्रीनिंगची लेखी तारीख आली आणि तोवर औषध मंजूर झालेलं नसेल तर खुशाल जा. औषध आधी आलं तर सलाईन लावून मोकळे व्हा. 'लवकरच सुरू होणार आहे' या वाक्यावर मात्र काही ठरवू नका.

ट्रायल खरंच कुठवर आलंय हे बघायला सीटीआरआय आहे, भारतातली ट्रायल्सची सरकारी नोंदवही. १५ जून २००९ पासून इथे नोंद सक्तीची आहे. कोऑर्डिनेटरकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या. कुठली रुग्णालयं आहेत, कुणाची एथिक्स कमिटी मंजुरी आली आहे, भरती सुरू आहे का, सगळं तिथे उघडं असतं. प्रवेशाच्या अटीही असतात. आम्ही ते पान आधी वाचलं असतं तर ८५ चा आकडा घरीच कळला असता. भावाचा ताजा पीएफटी रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

बाबांच्या उंदराबद्दल. हे नव्या-जुन्याची तुलना करणारं ट्रायल असेल तर भावाला कुठलं ना कुठलं एंझाइम मिळेलच, नुसतं पाणी चढवणार नाहीत. प्लासिबो आहे का, हे स्पष्ट विचारा, संमतीपत्रात लिहिलेलं असतं. कधीही कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद ट्रायल्सच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे. संमतीपत्र मराठीत मागा, पण मराठीची तयारी ठेवा! आमच्यात लिहिलं होतं, 'आपणांस यादृच्छिकरीत्या नियुक्त करण्यात येईल.' ह्यांनी विचारलं, ही कुठली नोकरी? कोऑर्डिनेटर म्हणाली, 'काका, नाणेफेक हो, फक्त कॉम्प्युटर करतो.' असं एकेक वाक्य थांबवून विचारा. घरी नेऊन चार दिवस वाचायलाही मिळतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि कुणीच विचारत नाही ते म्हणजे, ट्रायल संपल्यावर काय? ह्यांचं दुसरं ट्रायल प्रायोजकाने मध्येच गुंडाळलं. औषध वाईट म्हणून नाही, कंपनीचा विचार बदलला. नियमांत ट्रायलनंतर मोफत औषधाची सोय आहे, पण अटी वाचा: डॉक्टरांनी शिफारस करायची, एथिक्स कमिटीने मान्य करायचं, दुसरा उपचार उपलब्ध नसावा आणि औषधाचा त्या माणसाला फायदा दिसलेला असावा. पॉम्पेला जुनं एंझाइम 'उपलब्ध' आहे, परवडत नसलं तरी. तिथेच गाडी अडते. आम्ही वाचलो ते धर्मादाय योजनेतली जागा लेखी राखून ठेवली होती म्हणून. भावाचा सरकारी अर्जही ट्रायलच्या काळात रद्द होणार नाही ना, तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रवासाचं म्हणाल तर कोपरखैरण्याहून ठाण्याला येऊन गाडी बदलण्याच्या फंदात पडू नका. चार तास सलाईन लावून आलेल्या माणसाला स्टेशनचा तो पूल चढवत नाही. ट्रायलमध्ये प्रवासखर्च मिळतो, टॅक्सीची पावती ठेवा आणि मागायला संकोच करू नका.

तुम्ही न विचारलेलं एक. पॉम्पे आई-वडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला की होतो, म्हणजे सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता. तुम्ही लिहिलंय की हल्ली तुम्हालाही जिना चढताना दम लागतो आणि ते वजनामुळे असेल. असेलही. पण या आठवड्यात कार्डाची टेस्ट करून घ्या. नुसत्या सीकेवर भागवू नका, मोठ्या वयात ते कधीकधी नॉर्मलही येतं. रिपोर्ट आला की इथेच लिहा.