लिंगभाव आणि लैंगिकतेचा अभ्यास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रवेशाचे आणि प्रबंधाचे दिवस आले की तेच गोंधळ पुन्हा पुन्हा पत्रांतून येतात. म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : हा विषय मुलींसाठीच आहे ना?
नाही.

प्रश्न : लिंग, लिंगभाव आणि लैंगिकता यांत नेमका फरक काय?
लिंग म्हणजे शरीराची घडण : गुणसूत्रे, संप्रेरके, अवयव. समाजाने त्यावर लादलेल्या अपेक्षा आणि व्यक्तीला स्वतःची वाटणारी ओळख म्हणजे लिंगभाव. लैंगिकतेत आकर्षण, वर्तन आणि ओळख येतात, आणि ही तिन्ही जुळतीलच असे नाही. पुरुषाशी संबंध ठेवणारा प्रत्येक पुरुष स्वतःला समलिंगी म्हणवत नाही. प्रश्नावलीत यांतले नेमके काय विचारायचे, ते आधी मार्गदर्शकांबरोबर ठरवा.

प्रश्न : वैद्यकशास्त्र समलैंगिकतेला आजार मानते, असे ऐकले. खरे का?
ऐकीव गोष्टींवर निबंध लिहू नका. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली.

प्रश्न : प्रबंधासाठी बारा समलिंगी व्यक्तींच्या मुलाखती झाल्या आहेत. सगळ्यांची नावे बदलली आहेत. नैतिकता समितीचा अर्ज आता भरला तर चालेल का?
नाही. माणसांवरच्या संशोधनात कुणाला इजा होणार नाही ना, हे ही समिती काम सुरू होण्याआधी तपासते. झालेल्या कामाला मागाहून मान्यता देणे बहुतेक समित्या नाकारतात, आणि ते योग्यच आहे. तुमचा एक सत्राचा उशीर वाचतो, पण समोरच्याचे घर, नोकरी, कधी जीवही पणाला लागतो.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा सर्वांत घातक समज. 'बेचाळीस वर्षांची परिचारिका, जुळ्या मुलांची आई, गावातल्या एकमेव रुग्णालयात नोकरी' एवढे वाचून शेजारीही ओळखतील. वय गटात सांगा, व्यवसाय ढोबळ ठेवा, आणि नुसती नावे नाही तर तपशिलांची जुळणी तपासा. खरी नावे आणि बदललेली नावे यांची यादी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. फोनवरचे ध्वनिमुद्रण आपोआप क्लाउडवर चढू शकते, ते चढणे मुलाखतीआधीच बंद करायला हवे. ध्वनिमुद्रण ऐकून फुकट मजकूर लिहून देणारी ॲप आवाज परक्या सर्व्हरवर पाठवू शकतात. संमतीपत्रावरची सहीच धोक्याची असेल, तर समितीच्या परवानगीने तोंडी संमती घेता येते. माघार कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल, हेही त्या व्यक्तीच्या भाषेत सांगावे लागते.

आता काय? नव्या मुलाखती थांबवा. जुन्या वापरू नका, मनाने पुसूनही टाकू नका. त्या व्यक्तींना परस्पर फोन करू नका. आजच मार्गदर्शकांना सगळे सांगा, पुढचे समिती ठरवेल.

प्रश्न : 'सहा आठवड्यांत लिंगभाव तज्ज्ञ' या प्रमाणपत्रावर संशोधनाला प्रवेश मिळेल का?
सहा आठवड्यांत कुणी तज्ज्ञ होत नाही, ही विक्रीची भाषा आहे. श्रेयांक (क्रेडिट) किती, शिकवणार कोण आणि ते श्रेयांक धरले जातील का, हे शुल्क भरण्याआधी विद्यापीठाच्या विभागाकडून लेखी घ्या. 'तुमच्या प्रबंधाचे विश्लेषण करून देतो' म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा.

प्रश्न : सर्वेक्षणात 'स्त्री, पुरुष, इतर' एवढे पर्याय पुरेत का?
'इतर' काढा. तिथे स्वतः लिहायला जागा द्या आणि 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय ठेवा. जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि आजची ओळख हे दोन वेगळे प्रश्न करा. उत्तर वापरायचेच नसेल, तर प्रश्नच विचारू नका.