लेकीची डिग्री अप्रेंटिसशिप: फी वाचते, पण हिशेब तेवढ्यावर करू नका

प्रश्न: आम्ही ब्रिटिश नागरिक असून रेडिंगला राहतो. अठरा वर्षांच्या मुलीला एका पर्यावरण सल्लागार कंपनीत पाच वर्षांची डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे पगारी नोकरी करता करता पदवी, मिळते आहे. पगार वर्षाला २१,००० पौंड, राहणं घरीच. दुसरीकडे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या तीन वर्षांच्या बीएस्सीला प्रवेशही मिळालाय. तिच्या शिक्षणासाठी आम्ही स्वतःच्या नावावर ३०,००० पौंड साठवलेत. नोकरी करत घेतलेली पदवी कमअस्सल ठरणार नाही ना? आणि या पैशांचं काय करावं?

उत्तर: पदवीची काळजी आधी मनातून काढून टाका. इथेही पदवी विद्यापीठच देतं आणि ती पूर्ण पदवीच असते. प्रशिक्षणाचा आणि मूल्यमापनाचा खर्च कंपनी आणि सरकार उचलतं. तो अप्रेंटिसकडून मागायला नियमाने बंदी आहे, तिने शिक्षण अर्धवट सोडलं तरीसुद्धा. २१,००० पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) वजा जाता तिच्या हातात महिन्याला साधारण १,५५० पौंड पडतील.

आता दुसरी बाजू, विद्यापीठाची. २०२५-२६ च्या ९,५३५ पौंडांच्या दराने तीन वर्षांची फी होते २८,६०५. हा आकडा बघून आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण आपण कर्ज म्हणजे बँकेचा हप्ता असंच धरून चालतो. इथलं विद्यार्थी कर्ज तसं नाही. सध्याच्या योजनेत वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढी कमाई, तिच्या ९ टक्केच कापले जातात. पगार ३५,००० असेल तर वर्षाला ९००, म्हणजे महिन्याला ७५ पौंड. नोकरी गेली तर कपात थांबते, आणि चाळीस वर्षांनी उरलेलं माफ होतं. चांगला पगार मिळवणारी मुलं बहुतेक सगळं फेडतात, त्यामुळे हे फुकटचे पैसे नव्हेत. पण निव्वळ कर्जाच्या धास्तीने अप्रेंटिसशिप निवडू नका.

निवडायची तर कामासाठी निवडा. फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या बांधकामांना जैवविविधता आधीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढवून दाखवावी लागते, आणि त्यासाठी आधी जागेवरचे अधिवास मोजावे लागतात. त्याशिवाय कायद्याने संरक्षित प्राण्यांचे सर्व्हे असतात: वसंतात तळ्याकाठी न्यूट (सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) शोधणं, मे ते सप्टेंबर सूर्यास्तानंतर एखाद्या जुन्या गोठ्यासमोर उभं राहून बाहेर पडणारी वटवाघळं टिपणं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून अहवाल लिहिणं. त्यातच आठवड्याचा काही वेळ अभ्यास आणि रविवारी असाइनमेंट. मैत्रिणी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर मोकळ्या असताना पाच वर्षं हे करायचं आहे. कंपनीला विचारून तिला एक संध्याकाळ अशा सर्व्हेला पाठवा. परत आल्यावर ती चिखलाबद्दल कुरकुरते की वटवाघळांबद्दल बोलत सुटते, ते ऐका. माझ्या मते कुठल्याही आकडेमोडीपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

ती रमणार असेल तर माझा कौल निःसंशय अप्रेंटिसशिपला. पाच वर्षांनी पदवी, अनुभव आणि फीचं शून्य कर्ज घेऊन ती बाहेर पडेल, तेही तेविसाव्या वर्षी.

जोखीम एकच मोठी आहे, कंपनीने माणसं कमी केली तर? सुरुवातीच्या वर्षांत असं झालं, तर नवी कंपनी शोधायला बारा आठवड्यांची मुदत मिळते आणि तेवढा काळ शिक्षणाचा सरकारी निधी चालू राहतो. तीन चतुर्थांश प्रशिक्षण झालेलं असेल तर ते निधीतून पूर्ण करता येतं. म्हणून पहिली जवळपास चार वर्षं जपायची. विद्यापीठाला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, हेही विचारून ठेवा.

तुमच्या ३०,००० ला वर्षभर हात लावू नका. अपवाद गाडीचा. सर्व्हेच्या जागा रेल्वे स्टेशनजवळ नसतात, आणि अठरा वर्षांच्या मुलीचा गाडीचा विमा भलताच महाग पडतो. तो खर्च तुम्ही उचला, शिक्षणावर केल्यासारखाच आहे. स्वतःची गाडी कामासाठी वापरली तर पहिल्या १०,००० मैलांपर्यंत मैलामागे ४५ पेन्स करमुक्त देता येतात. तेवढे देतात का, हे कंपनीला विचारा.

तिच्या पगारातून मात्र लाइफटाइम आयएसए, म्हणजे सरकारी बोनस मिळणारं बचत खातं, पहिल्या महिन्यापासून सुरू करा. वर्षाला ४,००० पर्यंत भरले की सरकार २५ टक्के घालतं. पाच वर्षं पूर्ण भरले तर व्याज सोडून २५,००० होतात, ४,५०,००० पौंडांपर्यंतच्या पहिल्या घरासाठी. दुसऱ्या कारणासाठी मधेच काढले तर दंड पडतो, त्यामुळे अडीअडचणीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा.

आणि पेन्शन. वयाच्या बावीस वर्षांपर्यंत कर्मचाऱ्याला आपणहून त्यात घ्यायचं बंधन कंपनीवर नसतं. पण तिने अर्ज केला तर या पगारावर कंपनीला आपला वाटा भरावाच लागतो. करारावर सही करायच्या आधी त्याबद्दलची ईमेल तिनेच पाठवावी, तुम्ही नाही.