छोट्याशा मॉस्कोचं एवढं साम्राज्य कसं झालं? रशियन लोकांना हुकूमशाही मुळातच मानवते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. लोकांचा स्वभाव बाजूला ठेवा आणि जमिनीचा व्यवहार बघा.

सगळं खापर मंगोलांवर फोडायची पद्धत आहे. त्यात थोडं तथ्य आहे. १२४० मध्ये कीव्ह पडलं, रशियन राजे खानाचे मांडलिक झाले, आणि मॉस्कोचा पहिला इव्हान खानासाठी खंडणी वसूल करता करता गबर झाला. पण उत्तरेकडचं नोव्हगोरोड हे शहर-राज्यही त्याच खानाला खंडणी भरत होतं. तिथे मात्र नागरिकांची सभा राजाला बोलवायची, आणि पटलं नाही तर घालवूनही द्यायची.

१४७८ मध्ये तिसऱ्या इव्हानने हे नोव्हगोरोड खालसा केलं. सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली, हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या बड्या जमीनदारांना उठवून मॉस्कोच्या मुलखात नेलं आणि त्यांच्या जमिनी घोडेस्वारांना वाटल्या, चाकरीच्या अटीवर. आपल्याकडच्या वतन आणि सरंजाम यांतला फरक माहीत असेल तर हे लगेच कळेल: वंशपरंपरागत वतनांच्या जोडीला चाकरीपुरता सरंजाम आला. तिजोरीत रोकड कमी होती, त्यामुळे फौज जमिनीवर पोसायची. फौज वाढवायची तर नवा मुलूख हवा, आणि नवा मुलूख घ्यायला आणखी फौज.

(जाता जाता: चौलला उतरून जुन्नर, बीदर फिरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन त्वेरचा. तो निघाला तेव्हा त्वेर स्वतंत्र राज्य होतं. १४८५ मध्ये तेही मॉस्कोने गिळलं.)

पण कसणारा पळून गेला तर सरंजामाचा उपयोग काय? आणि रशियात पळायला जागेची कमी नव्हती. म्हणून १४९७ च्या कायद्याने शेतकऱ्याला मालक सोडायला वर्षातले दोनच आठवडे ठेवले, २६ नोव्हेंबरच्या संत युरीच्या सणाआधीचा एक आणि नंतरचा एक. पुढे ती मुभाही गेली. १६४९ च्या कायद्यानुसार पळालेल्याला कितीही वर्षांनी धरून आणता येऊ लागलं. ही हमी सरदारांना झारशिवाय कोण देणार होतं? झार दुबळा होणं त्यांना परवडणारं नव्हतं.

याचा पुरावा १७३० मध्ये मिळतो. झार दुसरा पीटर देवीच्या आजाराने वारला. दरबारातल्या बड्यांच्या सर्वोच्च मंडळाने बाल्टिक किनाऱ्यावरच्या कुरलँडची विधवा डचेस ॲना हिला गादी देऊ केली, पण अटींवर: मंडळाला विचारल्याशिवाय युद्ध नाही, तह नाही, नवा कर नाही, लग्नसुद्धा नाही. तिने सही केली. मॉस्कोत बातमी फुटताच बाकीचे सरदार बिथरले. एका झारऐवजी मंडळात वरचढ असलेल्या गोलित्सिन आणि दोल्गोरुकोव्ह या घराण्यांची ताबेदारी कोणाला हवी होती? त्यांनी आणि गार्ड पलटणीच्या अधिकाऱ्यांनीच तिला निरंकुश सत्ता घ्यायची विनंती केली, आणि तिने तो अटींचा कागद सगळ्यांसमोर फाडला.

विस्ताराला जमिनीखेरीज आणखीही कारणं होती. चौथ्या इव्हानने १५५२ मध्ये काझान आणि १५५६ मध्ये अस्त्राखान घेतलं, आणि व्होल्गाचा सगळा व्यापारी मार्ग हाती आला. दक्षिणेत भीती होती. क्रिमियाच्या तातारांनी १५७१ मध्ये मॉस्को जाळलं होतं, ते माणसं पकडून गुलाम म्हणून विकत. त्यांना अडवायला गढ्यांच्या रांगा बांधल्या, त्या हळूहळू दक्षिणेला सरकत गेल्या, आणि १७८३ मध्ये क्रिमियाच घेतला. सैबेरियाचं गणित साधं होतं: सेबल या छोट्या प्राण्याची मौल्यवान केसाळ कातडी. स्थानिक जमातींचे लोक ओलीस ठेवून ती कर म्हणून वसूल केली जायची. येरमाक या कोसॅक (सीमेवरच्या लढवय्या) म्होरक्याने उरल पर्वत ओलांडल्यापासून साठेक वर्षांत, १६३९ मध्ये, कोसॅक पार पूर्वेकडच्या ओखोत्स्कच्या समुद्राला भिडले.

१७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने सरदारांवरची चाकरीची सक्ती उठवली. व्यवहार चोख असता तर त्याच दिवशी शेतकरीही मोकळा व्हायला हवा होता. त्याची पाळी १८६१ मध्ये आली, आणि मिळालेल्या जमिनीचे हप्ते त्याला ४९ वर्षांसाठी लावून दिले.