लेकीची वही आधी वाचा

पत्र: मी गारगोटीजवळच्या गावात राहतो. अडीच एकर ऊस आणि चार म्हशी आहेत. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले नाहीत. आम्ही म्हणतो, एक वर्ष घरी बसून परत दे. ती म्हणते, मला दुर्मीळ झाडं-प्राणी वाचवायचं शिक्षण घ्यायचंय. पावसाळाभर गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फिरते आणि वहीत लिहून ठेवते. दोन पानांचे फोटो सोबत पाठवतो. यात पोटापाण्याचं काही आहे का, की नुसता नाद आहे? – एक पालक, ता. भुदरगड

नमस्कार दादा,

तुमचं पत्र एकदा वाचलं, वहीची पानं मात्र चारदा वाचली. पहिल्या पानावर उसाच्या कडेला उमटलेल्या गव्याच्या खुरांची नोंद आहे. तारीख, वेळ, पाऊस होता की उघडीप, सगळं लिहिलंय. ते चांगलंच आहे. पण मी थांबले दुसऱ्या पानावर. तिथं सप्टेंबरमधली एक नोंद आहे: ‘कंदीलफूल सुकलं. आतून बारीक काळ्या माश्या निघाल्या, चार. एकीच्या सोंडेला पिवळं काहीतरी चिकटलेलं.’

दादा, हे पिवळं काहीतरी दिसायला फुलासमोर उकिडवं बसावं लागतं, बराच वेळ. कंदीलपुष्प म्हणजे रुईच्या कुळातला नाजूक वेल. फुलाची लांब नळी आणि तिच्या तोंडाशी पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा पिंजरा. वासाला भुलून माशी आत येते आणि नळीतून खाली घसरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तिला वर चढता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस मऊ पडतात आणि माशी सुटते. सुटताना परागांची इवलीशी जोडपिशवी सोंडेला अडकवून नेते आणि पुढच्या फुलात पोचवते. तुमच्या लेकीनं पाहिलं ते हेच. कुणी न शिकवता पाहिलं आणि त्याच दिवशी लिहून ठेवलं.

या वेलीच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आहेत, काही तर एखाद्या गडापुरत्या किंवा सड्यापुरत्या. विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या जातीला २०२५ मध्ये शिवरायांचं नाव मिळालं, सेरोपेजिया शिवरायीना. त्या कामात कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधले संशोधक होते. अशा जातीचा सडा बॉक्साइटसाठी उकरला, गवत चांगलं यावं म्हणून दरवर्षी वणवा लावला, खायला कंद खणून नेले, तर ती गावातून जाते असं नाही, ती जगातूनच जाते. दुसरीकडं कुठंच नसते. वाघ कमी झाला तर पेपरात छापून येतं. कंदीलपुष्प संपलं तर ते आधी तिथं होतं हे माहीत असणारं माणूस तरी हवं ना? तसं माणूस तुमच्या घरात तयार होतंय, म्हणून मला हा नाद वाटत नाही.

आता पोटापाण्याचं. खरं सांगते, या क्षेत्रात पदवी हातात पडली की नोकरी असं होत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेकांची प्रकल्पांवर जातात, एक संपला की दुसरा शोधावा लागतो. मानधन बेताचं असतं. ज्या घराला बाविसाव्या वर्षापासून मुलीच्या पगाराची गरज आहे, त्यांना मी हा रस्ता सांगत नाही. तुमच्या घरची परिस्थिती तुम्हालाच ठाऊक, तेवढा हिशेब तिच्यासमोर बसून मोकळेपणानं करा.

तो हिशेब जमत असेल, तर मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करायला सांगेन, तेही कोल्हापुरातच. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला वर्गीकरणाची, म्हणजे झाड ओळखून त्याची नेमकी जात ठरवण्याची, मोठी परंपरा आहे. प्रा. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्पांवर केलेलं काम देशभर ओळखलं जातं. लोक जे शिकायला लांबून येतात, ते तुमच्या एसटीच्या पल्ल्यात आहे. पुढं एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. दोन्हीकडं प्रवेश परीक्षा आहे, जागा मोजक्या आणि चुरस मोठी. तिथं मुलाखतीत अशी वही बोलते.

सरकारी नोकरीच हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे, प्रवेश सीईटीवर. त्यानंतर एमपीएससीतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. या परीक्षा बी.एस्सी.वाल्यांनाही देता येतात.

आणि नीट? नाराज मनानं वर्षभर घरी बसवू नका. पण ती स्वतः म्हणाली, परत देते, तर एमबीबीएस-बीएएमएसच्या जोडीला पशुवैद्यकाचाही विचार करा. त्याचा प्रवेशही नीटवरूनच होतो. हे का सांगते, ते तुम्हाला पटकन कळेल, कारण तुमच्या दावणीला म्हशी आहेत.

तुमच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, आठवतं? नव्वदच्या दशकात ती भराभर मरायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर देशात शंभरातली नव्याण्णव गेली. कुणी म्हणे रोग आहे, कुणी म्हणे विषप्रयोग. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं: डायक्लोफेनॅक. जनावराची सूज आणि दुखणं कमी करायला डॉक्टर टोचायचे ते साधं औषध. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक या तसल्याच दुखणं थांबवणाऱ्या औषधांवरही बंदी आली. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना घातक नाही, आणि ते म्हशीलाही चालतं. या सगळ्यात बंदूक कुणीच उचलली नव्हती. एका बाटलीनं आकाश रिकामं केलं, आणि ते शोधायला पशुवैद्य, पक्षीतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ सगळे लागले. पुढच्या वेळी डॉक्टर म्हशीला सुई देतील तेव्हा कुठलं औषध आहे ते लेकीला विचारायला सांगा.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण काळजी ओळींच्या मधे दिसते: पोरगी रानात एकटी कशी फिरणार? एकटीनं फिरायचंच नाही. रानातलं काम जोडीनं, परवानगी काढून आणि वनरक्षकांना सांगून होतं. आणि आता वनरक्षकांतही मुली आहेत. तोवर सड्यावर जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत पाठवा, गव्याचे खूर ताजे दिसले तर त्या बाजूला जायचं नाही.

प्रवेशाची धावपळ सुरू व्हायच्या आधी एक काम करा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणारी वही, असायला हवी. तिला घेऊन पंचायतीत जा आणि तुमच्या गावाची नोंदवही बघायला मागा. पुष्कळ ठिकाणी ती घाईत भरून कपाटात पडलेली असते. तुमच्या सड्याचं पान कोरं असेल, तर ते भरण्याची तयारी तुमच्या घरात आहे. मग एका शनिवारी दोघं कोल्हापूरला या, वही घेऊन. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती जतन केल्या आहेत, त्या तिला बघू द्या.

आणि तिला माझा एक प्रश्न सांगा. माश्या निघाल्या तेव्हा फूल ताठ उभं होतं, की मान टाकलेलं? वहीत तेवढं लिहायचं राहिलंय.