डोळे शेवटी काढा

प्रश्न : मी 26 वर्षांचा आहे. लालबागला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. सीझन संपला की हाताला काम कमी असतं, म्हणून कार्टून कॅरेक्टर डिझाईन शिकायला घेतलंय. व्हिडिओ बघून काढतो. चेहरा झकास जमतो, पण तोच माणूस बाजूने काढला की दुसराच कोणीतरी होतो. सोबत माझ्या कोळणीची दोन चित्रं पाठवतोय. आधी टॅबलेट घेऊ, की कोर्स लावू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमची कोळीण मी टेबलावर समोर ठेवूनच हे लिहितेय. डोळे बघताच हात कळतो. वरची पापणी एका दमात, कुठेही न थरथरता ओढलेली आहे. ही रेष शिकवून येत नाही, ती तुमच्याकडे आहे.

आता दुसरं चित्र, बाजूचं. समोरून डोक्यावर चुंबळ आहे, तिच्यावर पाटी. बाजूच्या चित्रात चुंबळच नाही, पाटी थेट केसांवर टेकलीय आणि मान बोटभर लांब झालीय. लोकांना ती दुसरीच बाई वाटते ती यामुळे. नाकडोळे तुम्ही बरोबर उतरवलेत, पण त्यांच्यामागचं शरीर ठरलेलंच नाही.

कारखान्यात तुम्ही आखणी कधी करता? सगळ्यात शेवटी. माती, सुकवण, घासकाम, रंग, सगळं झाल्यावर. कागदावर मात्र तुम्ही डोळ्यांपासून सुरुवात करता आणि बाकीची बाई त्या डोळ्यांखाली कशीबशी बसवता. क्रम उलटा करा. आधी तिचा नुसता काळा आकार काढा, आत काहीही नको. तुमच्या चित्रावर मी ट्रेसिंग पेपर ठेवून तो शाईने भरला. कमरेवरचा हात अंगातच विरघळला, राहिला एक गोळा आणि वर पाटी. कोपर बाहेर काढा, हात आणि कंबर यांच्यामध्ये कागदाचा पांढरा तुकडा दिसू द्या. तेवढ्याने ती लांबूनही कमरेवर हात ठेवून भांडणारी बाई वाटेल.

मग माप. शिल्पशास्त्रात ताल असतो, चेहऱ्याच्या लांबीवर अख्खी मूर्ती मोजतात. गणपती पंचताल, म्हणजे चेहऱ्याच्या पाचपट उंच मानलाय, तर मोठे देव नवताल किंवा दशताल. कॅरेक्टर डिझाईनमध्ये हाच हिशोब डोक्याच्या उंचीवर करतात. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. तुमची कोळीण चार डोक्यांची करा, हवं तर साडेतीन, पण एकदा ठरलं की प्रत्येक चित्रात तेवढीच. ठसका दाखवायचा तर बुटकी आणि रुंद ठेवा, पाटी तिच्यापेक्षा मोठी करा. खरं माप सोडायला तुमचा हात कचरेल, पण सोडा.

आणि तुमच्याकडे जे आहे ते कोर्सवाल्या पुष्कळ मुलांकडे नसतं : शाडू. वीतभर उंचीची कोळीण मातीत करा. ॲनिमेशन स्टुडिओतही अशा छोट्या मूर्ती करतात, कॅरेक्टर कुठूनही फिरवून बघता यावं म्हणून. ती पाटावर ठेवून फिरवत समोरून, तिरकी, बाजूने, पाठमोरी काढा. कागदावर एका ओळीत, डोकं, खांदा, कंबर, पाऊल यांच्या आडव्या रेषा सगळ्यांतून सरळ गेल्या पाहिजेत. हेच टर्नअराउंड. अंधेरीच्या स्टुडिओत मी वर्षानुवर्षं हे काढलं. सिनेमाच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं, आणि ती अनेक जणांच्या हातून जातात. सगळ्यांची बाई एकच दिसावी म्हणून असा नमुन्याचा कागद, म्हणजे मॉडेल शीट. तुमच्याकडचा साचा असतो तशीच ती.

लालबागहून वरळी सी फेस जवळच आहे. तिथे आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे. वही घेऊन जा. समोरून, बाजूने, जमेल तेवढं मागूनही काढा. चष्मा आणि मिशी झाकली तरी चौकड्यांचा कोट, धोतर आणि टकलाच्या कडेचे केस एवढ्यावर माणूस ओळखू येतो का, ते तपासा.

टॅबलेट आत्ता नको. पेन्सिल, ब्रश, शाई पुरे. पुढे घ्यालच, तेव्हा क्रिता हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कोर्सचं म्हणाल, तर पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाईन विभागात ॲनिमेशनचं एम.डेस. (डिझाईनची पदव्युत्तर पदवी) आहे, सीड ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, पण साधारणपणे आधी पदवी लागते. ती असेल तर जरूर विचार करा. नसेल तर कोणत्याही खासगी क्लासला पैसे भरण्याआधी तिथे शिकलेल्या मुलांची टर्नअराउंड मागून बघा. नुसते चेहरे दाखवले, तर उठून या.

पुढच्या पत्रात डोळे पाठवू नका. पाठमोरी कोळीण पाठवा, चुंबळीसकट.