भुतांच्या गावी तेरा आठवड्यांची नोकरी

नमस्कार ताई,

मिरजेहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. मुलगी ह्यूस्टनला एका मोठ्या रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. ग्रीन कार्ड झालेलं आहे. आता ती कायमची नोकरी सोडून ‘ट्रॅव्हल नर्स’ व्हायचं म्हणते, आणि जावयांची हरकत नाही. तिने तुम्हाला गावांची यादी पाठवली: न्यू ऑर्लिन्स, सव्हाना, सेलम, सॅन होजे. तुम्ही शेजारच्या मुलाकडून ही नावं मोबाइलवर शोधून घेतलीत, तर रुग्णालयांच्या आधी चारही ठिकाणची भुतंच निघाली. तुमचे प्रश्न असे: ही नोकरी आहे की भटकंती? रात्रपाळी करून अशा गावात एकटीने राहणं बरं का? तुम्ही सोबतीला जावं का? आणि सांगलीत बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली पुतणीही आता हाच हट्ट धरून बसली आहे, तिला काय सांगायचं?

आधी नोकरीचं. अमेरिकेत ही चांगली रुळलेली पद्धत आहे. एखाद्या रुग्णालयात नर्स कमी पडल्या की ते एजन्सीमार्फत बाहेरून बोलावतात. करार बहुतेक वेळा १३ आठवड्यांचा, आठवड्याला बारा तासांच्या तीन ड्युट्या. करार संपला की तिथेच मुदत वाढवायची, दुसरं गाव धरायचं किंवा महिनाभर घरी बसायचं, हे नर्सने ठरवायचं. कोविडच्या काळात या कामाचे दर आभाळाला भिडले होते. आता ते खाली आले आहेत, हे मुलीने धरून चालावं. अनुभव मात्र पक्का लागतो. नव्या ठिकाणी एक-दोन दिवसांत वॉर्ड, औषधांचं कपाट आणि संगणकावरची नोंद समजून घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण पेशंट हातात. आयसीयूत मुरलेल्या तुमच्या मुलीला हे जमेल.

म्हणजे नोकरी खरी आहे. खाचखळगे कुठे आहेत ते सांगतो. हा भाग तिलाच पाठवा.

कराराची प्रत हातात आल्यावर तिने आधी ‘हमीचे तास’ पाहावेत. पेशंट कमी झाले की रुग्णालय ड्युटी रद्द करतं, आणि तो तडाखा आधी बाहेरच्या नर्सला बसतो. आठवड्याला ३६ तासांची हमी लेखी नसेल तर पगाराचा मोठा आकडा कागदावरच राहतो. दुसऱ्या वॉर्डात पाठवायची वेळ आली की तिथेही पहिला नंबर बाहेरच्या नर्सचा. कोणकोणत्या वॉर्डात पाठवणार आणि एका नर्सकडे किती पेशंट असतात, हे फोनवरच्या मुलाखतीत सरळ विचारावं. यात संकोच करणारी आपल्याकडची मुलं मी पुष्कळ पाहतो.

दुसरी गोष्ट कराची. ट्रॅव्हल नर्सच्या कमाईतला मोठा वाटा राहण्या-जेवणाच्या भत्त्याचा असतो आणि तो करमुक्त मिळू शकतो. पण अट आहे: ह्यूस्टनचं घर चालू असलं पाहिजे, त्याच्या खर्चाचा वाटा ती खरोखर उचलत असली पाहिजे आणि एकाच परगावी वर्षाच्या वर काम नको. नवरा ह्यूस्टनलाच राहणार असल्याने ही अट तिला पाळता येईल. ह्यूस्टन ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. तिच्या यादीतली गावं ज्यांत आहेत त्या लुईझियाना (न्यू ऑर्लिन्स), जॉर्जिया (सव्हाना), मॅसॅच्युसेट्स (सेलम) आणि कॅलिफोर्नियात (सॅन होजे) आहे. त्यामुळे जिथे काम करेल तिथलं विवरणपत्र वेगळं भरावं लागेल. या धंद्यातले बारकावे माहीत असलेला कर सल्लागार पहिल्या कराराआधीच गाठावा. आरोग्य विमा नवऱ्याच्या नोकरीतून घ्यावा, कारण दोन करारांच्या मधल्या दिवसांत एजन्सीचा विमा तुटू शकतो.

आणि राजीनामा लगेच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सध्याच्या रुग्णालयात गरजेप्रमाणे ड्युटी करण्याच्या यादीत नाव ठेवता येतं का, ते तिने विचारावं. अमेरिकेत तशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. बाहेरून परत आल्यावर दार उघडं राहतं आणि ह्यूस्टनशी असलेलं कामाचं नातंही कागदावर टिकतं.

आता भुतांकडे वळू. मुलीची यादी मला आवडली. तुम्हाला ती पोरकट वाटली, पण जरा खोलात शिरलं तर या गावांतली निम्मी भुतं म्हणजे जुने पेशंटच आहेत. आयसीयूतल्या नर्सला सुट्टीच्या चार दिवसांत पाहायला याहून चांगलं काय असणार? माझा आक्षेप गावांना नाही, महिन्यांना आहे.

न्यू ऑर्लिन्स पहिलं घ्यावं. ह्यूस्टनहून मोटारीने साधारण सहा तास, त्यामुळे सलग ड्युट्या लावून घेतल्या तर घरी जाऊन येता येतं. टेक्सास आणि लुईझियाना दोन्ही राज्यं नर्सिंग परवान्याच्या आंतरराज्य करारात आहेत. टेक्सासचा बहुराज्यीय परवाना असेल तर वेगळा परवाना काढावा लागत नाही. तिच्याकडे तोच आहे की एकाच राज्यापुरता, हे मात्र आज तपासावं.

या गावात १८५३ च्या एका उन्हाळ्यात पीतज्वराने सुमारे ८,००० माणसं गेली. अमेरिकेतली पीतज्वराची शेवटची मोठी साथही इथलीच, १९०५ ची. तोवर रोग डासांमुळे पसरतो हे कळलं होतं, म्हणून पाण्याच्या टाक्या झाकून आणि डास मारून ती आटोक्यात आली. जमिनीवर बांधलेल्या थडग्यांची सेंट लुईस सिमेटरी नंबर वन ही दफनभूमी १७८९ ची. मारी लाव्हो या प्रसिद्ध वूडू (आफ्रिकेतून आलेला, मंत्रतंत्राचा पंथ) पुजारणीचं थडगं तिथे असल्याचं मानतात. लोक येऊन त्यावर फुल्या मारून नवस बोलायचे. नासधूस वाढल्यामुळे २०१५ पासून परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत. १८८१ मध्ये ती वारली तेव्हा वर्तमानपत्राने मृत्युलेखात तिने पीतज्वराच्या रोग्यांची सेवा केल्याचंही लिहिलं होतं. पर्यटकांना भुतांच्या जागा दाखवत फिरवणारे गाइड हे क्वचितच सांगतात. तुमच्या मुलीला मात्र लाव्होबाईंचा हाच भाग जवळचा वाटेल.

तिथलं चॅरिटी हॉस्पिटल १७३६ पासूनचं, गोरगरिबांचं. २००५ मध्ये कतरिना वादळात वीज गेली तेव्हा डॉक्टर आणि नर्स हाताने फुगा दाबून पेशंटचा श्वास चालू ठेवत होते. ते रुग्णालय पुन्हा उघडलंच नाही. ट्यूलेन अव्हेन्यूवरची ती प्रचंड इमारत मी तरी भुतांच्या यादीत घालणार नाही. तिच्यासमोर उभं राहून तिथल्या नर्सेसची आठवण काढावी एवढंच.

महिना कोणता? वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पहिलाच करार या काळात नको. वादळ आलं तर नर्सला रुग्णालयातच मुक्काम ठोकावा लागू शकतो. जानेवारी ते मार्च बरा. पण ६ जानेवारीपासून कार्निव्हलचे म्हणजे मिरवणुकांच्या उत्सवाचे दिवस सुरू होतात आणि मार्डी ग्रास या त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गर्दी आणि भाडी चढत जातात. खोली डिसेंबरच्या आधीच ठरवावी, तीही रुग्णालयाच्या जवळ. फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना, गजबजलेला भाग फिरायला छान, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला अजिबात नाही.

सव्हाना हे तुम्हालाही आवडेल असं गाव. १७३३ मध्ये वसवलेलं, अजून २२ चौक शाबूत, आणि ओकच्या फांद्यांवरून खाली लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस. तिथल्या कलोनियल पार्क दफनभूमीत १८२० च्या पीतज्वरात गेलेल्या सुमारे ७०० जणांची नोंद फलकावर आहे. कँडलर हे रुग्णालय १८०४ पासूनचं. त्याच्या जुन्या इमारतीखालच्या भुयाराच्या गोष्टी गाइड रंगवून सांगतात, त्यातलं किती घ्यायचं ते आपण ठरवावं. शहरात वरच्या दर्जाचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारं केंद्र, असल्याने आयसीयूच्या नर्सला काम मिळण्याची शक्यता चांगली. जॉर्जिया परवान्याच्या करारात आहे. मार्च-एप्रिल उत्तम, फक्त १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीला गाव ओसंडून वाहतं.

सेलमबद्दल मुलगी हट्टाला पेटलेली दिसते आणि तिला तिथे ऑक्टोबरच हवा आहे. १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फाशी दिलं आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. ज्यांना ‘भुतं’ म्हणून लोक आज पाहायला जातात ती शेजाऱ्यांनी संशयावरून मारलेली साधी माणसं होती. २०१६ मध्ये संशोधकांनी फाशीची जागा नक्की केली. प्रॉक्टर्स लेज म्हणतात तिला. पुढच्या वर्षी तिथे छोटं स्मारक झालं. ते ती जरूर पाहो. पण ऑक्टोबरभर त्या छोट्या गावात लाखो माणसं लोटतात. सकाळी सातच्या ड्युटीला निघालेल्या नर्सला तिथे गाडी बाहेर काढणं ही शिक्षाच. ऑक्टोबरच हवा असेल तर राहायला पलीकडचं बेव्हर्ली बघावं, नाहीतर बॉस्टनला काम घेऊन सुट्टीच्या दिवशी लोकलने यावं. अर्ध्या तासाचा प्रवास आहे. मॅसॅच्युसेट्सने परवान्याच्या करारात यायचा कायदा २०२४ च्या अखेरीस केला. तो कधीपासून लागू होतो ते तिथल्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर पाहूनच अर्ज करावा.

सॅन होजे यादीत आहे ते विंचेस्टर बाईंच्या, म्हणजे बंदुकांच्या कंपनीच्या श्रीमंत विधवेच्या, भुताटकीसाठी गाजलेल्या घरासाठी: १६० खोल्या, छताला जाऊन थडकणारा जिना, आणि १९२२ मध्ये बाई जाईपर्यंत चालू राहिलेलं बांधकाम. घर दोन तासांत पाहून होतं. कॅलिफोर्नियाला जायचं खरं कारण वेगळं आहे. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, याचा कायदा तिथे २००४ पासून लागू आहे: आयसीयूत दोन, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. बाराव्या तासाला पाय किती दुखतात ते यावर ठरतं. मात्र हे राज्य परवान्याच्या करारात नाही, वेगळा परवाना काढायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज आत्ताच टाकून ठेवावा. भाडी अफाट आहेत. मराठी माणसं भरपूर, बे एरियाचं, म्हणजे सॅन होजे-सॅन फ्रान्सिस्को परिसराचं, महाराष्ट्र मंडळही आहे, त्यामुळे दिवाळी एकटीने काढावी लागणार नाही.

तिच्या यादीत नसलेलं एक गाव मी घालतो: केंटकीतलं लुईव्हिल. तिथे वेव्हर्ली हिल्स नावाचं क्षयरोग्यांचं मोठं आरोग्यधाम होतं. आजची इमारत १९२६ ची. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध आल्यावर रोगी घटले आणि १९६१ मध्ये ते बंद झालं. टेकडीखालून जाणाऱ्या भुयारातून प्रेतं खाली नेत, म्हणजे वरच्या रोग्यांना दिसू नयेत. मेलेल्यांचे जे हजारोंचे आकडे तिथे ऐकवतात ते फुगवलेले आहेत. तुम्ही मिरजेच्या, वानलेसवाडीच्या आरोग्यधामाबद्दल घरात ऐकलंच असेल. औषध नसताना हवा, ऊन, दूध आणि नर्सची देखभाल यांवरच रोग्यांचा भार होता, इथेही आणि तिथेही. केंटकीत तिचा बहुराज्यीय परवाना चालतो, आणि सव्हाना किंवा सॅन होजेइतकी या गावाची चर्चा नसल्याने राहणंही तुलनेने सोपं.

भीतीचं म्हणाल तर धोका दफनभूमीत नाही, पार्किंगमध्ये आणि गाडी चालवताना आहे. बारा तासांची रात्रपाळी करून झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तासभर गाडी चालवणं, याची काळजी करा. घर रुग्णालयापासून वीस मिनिटांच्या आत हवं. रात्री गाडीपर्यंत सोडायला सुरक्षारक्षक येतो का, हे मुलाखतीत विचारावं. खोली न बघता आगाऊ पैसे भरू नयेत; ट्रॅव्हल नर्सना खोटी घरं दाखवून लुबाडण्याचे प्रकार होतात. अंधश्रद्धेपुरतं सांगायचं तर अमेरिकन नर्सेसही काही कमी नाहीत. ‘आज वॉर्ड शांत आहे’ हे वाक्य ड्युटीवर उच्चारायचं नाही, हा तिथला पाळला जाणारा नियम आहे!

पुतणीला मात्र ‘थांब’ म्हणा. भारतातून थेट ट्रॅव्हल नर्स होऊन जाण्याचा रस्ता जवळजवळ नाहीच. नर्सेसना बहुधा ग्रीन कार्डच्याच मार्गाने जावं लागतं, आणि त्यात भारतीयांची रांग बऱ्याच वर्षांची आहे. शिवाय ते एका कायमच्या नोकरीसाठी मिळतं. तिने पदवी, नोंदणी आणि मग एखाद्या मोठ्या रुग्णालयात दोन-तीन वर्षं आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत काढावीत. एनक्लेक्स ही अमेरिकेची परवाना परीक्षा भारतातल्या केंद्रांवर देता येते. रांगेत नंबर लागेपर्यंत आखात, ब्रिटन, आयर्लंड हे मार्ग आहेत. कुठल्याही एजन्सीच्या बॉन्डवर, मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे भरायचे ते वाचल्याशिवाय सही करू नये.

राहिला तुमचा सोबतीचा प्रश्न. पहिल्या कराराला जाऊ नका. नवा वॉर्ड, नवी माणसं, दिवसा झोप आणि एका खोलीत आई, यात दोघींचीही चिडचिड होईल. सव्हानाचं नक्की झालं तर एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी जा. व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, तो अर्ज आधी करा, आणि तुम्हाला रक्तदाबाचा त्रास आहे म्हणता, तर आधीपासूनचे आजार धरणारा प्रवास विमाच घ्या.