मॉन्टेनेग्रोला जाण्यापूर्वी

तुम्ही पाच दिवसांसाठी मॉन्टेनेग्रो निवडला आहे, म्हणून आधी नकाशासमोर एक संध्याकाळ बसावे, असे मी आग्रहाने सुचवेन. क्षेत्रफळाने हा देश आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही थोडा लहान आहे. मात्र एड्रियाटिक समुद्राच्या काठापासूनच डोंगर उभे चढत असल्यामुळे थोडक्या अंतरालाही अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागतो.

कोतोरच्या आखातासाठी किमान दोन दिवस राखून ठेवावेत. तेथील तटबंदीच्या आणि राजवाड्यांच्या रचनेत व्हेनिसची छाप दिसते, कारण 1420 ते 1797 या काळात कोतोर व्हेनिसच्या सत्तेखाली होते. 1979च्या भूकंपाने या जुन्या शहराची मोठी हानी केली आणि त्याच वर्षी ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तटबंदी उन्हे चढण्यापूर्वीच चढावी.

बहुतेक पर्यटक किनाऱ्यावरूनच परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जुनी राजधानी त्सेतिन्ये आणि लोव्चेन पर्वतावरील न्येगोश यांची समाधी पाहिल्याशिवाय या देशाचा स्वभाव कळत नाही. न्येगोश हे धर्मगुरू, राज्यकर्ते आणि कवी असे तिन्ही होते.

देश युरोपीय संघाचा सदस्य नसूनही तेथे युरो चालतो. पाट्या लॅटिन आणि सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत आढळतात, त्यामुळे सिरिलिक अक्षरे आधीच ओळखीची करून घ्यावीत. ‘ह्वाला’ म्हणजे धन्यवाद, हा शब्द तर निघण्यापूर्वीच पाठ असू द्यावा.